पुढची पात

सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि कांद्याच्या वावरात भांडण पेटलं होतं. कारण म्हणाल तर पाणी. बारा बायकांनी दिवसभर प्यायचा कॅन, आणि त्यातलं अर्धं पाणी इंजिनानं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं होतं.

इंजिन म्हणजे टोळीतली सगळ्यात पुढची बाई. खुरपायला बसलं की प्रत्येकीनं आपापली पट्टी धरायची, तिला पात म्हणतात. पहिली पात जिची, तिच्या वेगानं बाकीच्यांनी हात चालवायचा. ती थांबली तर थांबायचं, ती निघाली की निघायचं. वीस वर्षं ही पात हिची होती आणि हिच्या मागं डब्यांसारखी सगळी टोळी ओढली जायची, म्हणून हे नाव. नावाचा तिला राग नव्हता, उलट ती ते मिरवायची.

"काकी, आम्ही दुपारी काय प्यायचं? तुमचा घाम?" टोळीतली तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली बाई कडाडली.

"आग होते गं अंगाची. छातीतून भडका उठतो तो थेट डोक्यापर्यंत जातो."

"मग आम्ही काय सावलीत बसलोय? ऊन सगळ्यांना सारखंच."

"ऊन नाही गं ते," इंजिन म्हणाली.

दीड वर्षापूर्वी तिची पाळी गेली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं होतं. पण पाळी जाताना झोपही घेऊन गेली आणि बदल्यात कमरेभोवती चरबी ठेवून गेली. रात्रभर पांघरूण फेकायचं, परत ओढायचं. सकाळी अंग भिजल्या पोत्यासारखं जड. शिंप्यानं पोलक्याची शिवण दोनदा उसवून दिली, तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, आता आत कापडच उरलं नाही." चवड्यावर बसलं की पोट मांड्यांवर यायचं आणि श्वास वरच्या वर अडायचा.

"खाणं आवर जरा," नवरा म्हणाला. तिनं आवरलं. दुपारी दोन घास खायचे आणि उरलेला डबा बांधावरच्या कुत्रीपुढं रिकामा करायचा. चार महिन्यांत वजन तसूभर हललं नाही, कुत्रीनं मात्र चांगलं बाळसं धरलं. हातातला जोर तेवढा गेला.

शेवटी ती दवाखान्यात जाऊन आली. तिथली नर्सबाई म्हणाली, "उपाशी राहून हे वजन जायचं नाही, मावशी. या वयात बाईच्या अंगात बदल होतातच. पोटभर जेवा, डाळ खा, अंडं खा, झोप पुरी घ्या. आणि रक्त तपासून घ्या." हे घरी सांगितलं तर नवरा हसून लोळायचा बाकी राहिला. "झोप घ्या म्हणे. मग खुरपायला काय नर्सबाई येणार?" रक्त तपासायचं राहूनच गेलं.

तर भांडणाचा आवाज ऐकून मालकीणबाई बांधावरून खाली आली. निथळत उभ्या असलेल्या इंजिनाला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केवढी सुटलीस गं. पुढं बसतेस आणि सगळ्यांना अडवून धरतेस. हा तुकडा कालच व्हायला हवा होता." मग ती इंजिनाच्या सुनेकडं वळली. "आजपासून पुढची पात तू धर."

सून सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. इंजिनाला वाटलं, कोणीतरी बोलेल. वीस वर्षं मागं चालल्यात, एक तरी म्हणेल की असू द्या, बाई, तिची पात तिला. पण तोंडाळसुद्धा नेमकी तेव्हाच मुकी झाली.

"धर की, बघतेस काय?" इंजिन सुनेला म्हणाली. "घरातच राहिली पात." तिनं हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही. खुरपं घेऊन ती शेवटच्या पातीला जाऊन बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सून चोवीस वर्षांची. तिचा हात असा चालला की दुपारच्या आत तुकडा साफ. मालकीणबाईनं लगेच पलीकडचा दाखवला. "वा. आता रोज दोन तुकडे झाले पाहिजेत." तेव्हा कुठं बायकांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाळ कंबर धरून इंजिनापाशी आली.

"काकी, सुनेला सांगा ना जरा हळू. आमचा जीव जाईल."

"पाणी पी," इंजिन म्हणाली. "उरलंय का बघ."

संध्याकाळी सून घरी आली ती उंबऱ्यातच बसली. खुरपं सोडलं तरी बोटं वाकडी ती वाकडीच. सासूनं तेल कोमट करून आणलं आणि तिचा हात मांडीवर घेतला. तळव्याला टचटचीत फोड आले होते.

"उद्या हळू चाल. पुढची थांबली तरच मागच्यांना दम खाता येतो."

"हळू चालले तर पात जाईल, आत्या."

"जाऊ दे."

"मग तुम्ही का नाही जाऊ दिलीत? वीस वर्षं?"

तेल चोळणारा हात थांबला.

"माझ्या आधी पात थोरल्या जाऊबाईंची होती," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाआधीच गेल्या त्या. त्यांचंही असंच झालं होतं. अंग सुटलं, घामानं भिजायच्या, मधेच बसून राहायच्या. मी तिशीची होते. मीच सगळ्यांसमोर म्हणाले, खाऊन खाऊन सुस्तावल्यात, पात मला द्या. मग त्या शेवटच्या पातीला बसायला लागल्या. मी हळू गेले असते तर त्या जवळ आल्या असत्या. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं."

सुनेनं हात काढून घेतला नाही. आतून सासऱ्यानं विचारलं, आज जेवण मिळणार आहे का. सासू गुडघ्यावर हात टेकून उठली.

दुसऱ्या दिवशी सून खरंच हळू चालली. मधे एकदा थांबली, मागं वळून सासूकडं बघितलंही. बायकांनी पाठी सरळ केल्या. तेवढ्यात बांधावरून मालकीणबाईचा आवाज आला.

"काय गं, तुलाही सासूचा रोग लागला का?"

बायका खुसखुसल्या. सुनेचे कान लाल झाले. तिनं पदर कमरेला खोचला, मान खाली घातली आणि खुरपं सपासप चालू केलं. त्यानंतर तिनं मागं बघितलं नाही.

शेवटच्या पातीवरून इंजिनाला तिची पाठ लांब लांब जाताना दिसत होती. सुनेवर रागावावं असं फार वाटत होतं. पण रागावणार तरी कुठल्या तोंडानं?