एका फोनमधल्या पाच जणी

निशिगंधाच्या पत्राला मी सव्वीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. राजूरहून आलेलं, वहीच्या रेघी पानावरचं पत्र.

'काका, ॲपात शेवटी तुमचा पत्ता आहे म्हणून लिहून राह्यली. आम्ही पाच तृतीयपंथी पोरी गुरू बिस्मिल्लाबीपाशी राहतो. फोन एकच, गुरूअम्माचा. ॲप म्हणते, एका फोनवर एकच जण. म्हणून तपासणी एकीचीच झाली अन् गोळ्यांची बाटलीही एकच भेटते. आम्ही पाळी लावली. एकीले पाचव्या दिवशी गोळी. एवढ्यानं एचआयव्ही टळते का? हो का नाही, एवढंच सांगा. फोन नका करू, अम्मा स्पीकरवर ऐकते.'

मी मारेगावच्या वाचनालयातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. ॲप शहरातल्या एका संस्थेचं, एचआयव्ही टाळणारी गोळी रोज घेतल्याची नोंद ठेवणारं; त्यातली मराठी वाक्यं माझी. चूक आढळल्यास कळवावे म्हणून पत्ता मीच हट्टानं घालायला लावला होता. चूक कळली आणि मी गप्प बसलो. मी डॉक्टर नाही. 'हो' लिहून चुकलो तर, 'नाही' लिहून चुकलो तर? शिवाय मायना. श्रीमती, कुमारी की सौभाग्यवती, यात एक आठवडा गेला.

मग संस्थेनं यवतमाळला कार्यक्रम ठेवला. मोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ, कुठे तुटली नाही की वाकली नाही.

"ही आपली राजूरची ताई!" प्रकल्पप्रमुख ओम सर म्हणाले. "रोज गोळी, रोज नोंद. एक दिवस खाडा नाही!"

टाळ्या झाल्या. रेघेखाली माझंच वाक्य होतं: 'तुम्ही एकट्या नाही.'

शेजारी वणीच्या तपासणी केंद्रातल्या पुष्पा सिस्टर बसल्या होत्या. मी पुटपुटलो, "सिस्टर, एक गोळी जर पाच जणींत..."

"मोठ्यानं बोला ना काका!"

ते जमेना, म्हणून मी पत्रच पुढे केलं. त्यांनी वाचलं.

"हे कवाचं आहे?"

"सव्वीस दिवस झाले."

"अन् तुमी खिशात घालून फिरून राह्यले?"

"मी डॉक्टर नाही ना, म्हणून..."

"हे सांगाले डॉक्टर कायले लागते? पाचव्या दिवशीच्या गोळीवर भरोसा नाही ठेवाचा. पाचही जणींची पहिले तपासणी, मंग जिची तिले बाटली, रोज एक गोळी. तवरिक निरोधाशिवाय नाही म्हणा."

"पण ॲप एकीलाच घेतं."

"माह्या रजिस्टरात लय पानं आहेत, मंगळवारी पाठवा त्याईले. उठा, सांगा तिकडे."

मी उठलो. "सर, ती ताई एक नाही. पाच जणी आहेत."

ओम सर क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे वापरकर्त्या पाच! अहवालात आकडा पाचपट!"

पुन्हा टाळ्या. माझं दुसरं वाक्य, महत्त्वाचं, पाच जणींत गोळी एकच, हे तसंच राहिलं. ते म्हणायला तसाच उभा राहिलो असतो तर मी माझ्याविषयी काही वेगळं सांगू शकलो असतो. मी बसलो. नंतर चहाच्या रांगेत न थांबता पोस्टात गेलो आणि तिथल्या टेबलावर लिहिलं:

'चि. निशिगंधा,
नाही. पाचव्या दिवशीच्या गोळीनं टळत नाही. मंगळवारी पाचही जणी वणीच्या तपासणी केंद्रात या. पुष्पा सिस्टर सगळ्यांची तपासणी करतील, प्रत्येकीचं नाव वेगळं लिहितील. तोवर निरोधाशिवाय नाही. मी फाटकापाशी उभा असेन, हातात तुझं पत्र असेल. अम्मांनाही आण. उत्तर पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, ते मी दिलं नाही.'

"स्पीडपोस्ट?" खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोलत विचारलं. "एवढं काय अर्जंट आहे?"

"उशीर झालाय," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.