बारीक शिट्टी

बाबांच्या मते आमच्या घरातला आवाज मेला होता. आधी त्यांनी टर्नटेबलची सुई बदलली. मग वायरी बदलल्या. मग स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, तेव्हापासून जाता-येता माझी करंगळी ठेचायला लागली. तरी गाणारी बाई तोंडावर पांघरूण घेऊन गातेय, ही तक्रार कायम. मला ती चांगली खणखणीत ऐकू यायची. पण मी पडले चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. आमच्या घरात कानांचं खातं बाबांकडे होतं.

आणि ते काही उगाच नव्हतं. रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात बाबांनी एकतीस वर्षं रेकॉर्ड ऐकायची नोकरी केली. प्रेसमधून निघालेल्या प्रत्येक लॉटमधली पहिली, मधली आणि शेवटची तबकडी त्यांच्या काचेच्या खोलीत यायची. ते हेडफोन लावून डोळे मिटायचे. कुठे चरचर किंवा टकटक सापडली की अख्खा लॉट परत. कारखान्यात त्यांना कानमास्तर म्हणत. आई होती तेव्हा ते घरी असताना ती भांडंसुद्धा चोरासारखं ठेवायची.

शेवटी त्यांनी दोष अॅम्प्लिफायरवर ढकलला.

"सुई जो आवाज उचलते ना, तो मुंगीएवढा असतो," ते मला समजावत होते. "त्याला आधी मोठा करायचा. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात आणि वरचे चढवलेले. ते परत जागेवर आणायचे. आपल्या अॅम्प्लिफायरमधला ते काम करणारा भाग म्हातारा झालाय. त्याच्यासाठी वेगळा डबा मिळतो, फोनो प्रीअॅम्प. स्वस्तातला घेऊ, पण ऐकून घेऊ."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. दुकानदार पूर्वी बाबांच्याच कारखान्याच्या रेकॉर्डी विकायचा. बाबांना बघून तो गल्ल्यामागून बाहेर आला, खुर्ची पुसली आणि दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "हे कानमास्तर. ह्यांनी पास केलेली रेकॉर्ड मी कधी उघडूनसुद्धा बघितली नाही."

बाबा खूश झाले. वीतभर लांबीचे तीन डबे त्याने टेबलावर मांडले. एक अगदी स्वस्त, एक मधला आणि एक आमच्या आवाक्याच्या जरा पलीकडचा.

"कुठला लावलाय ते सांगू नका," बाबा म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

पहिला डबा लागला. गाणं सुरू झालं आणि त्याच्यावर, डास कानाशी यावा तशी, एक बारीक शिट्टी. गाण्यातली बाई श्वास घ्यायला थांबली की ती नुसती उघडीच पडायची. दारातल्या गिऱ्हाइकाने कानात बोट घातलं. दुकानदार डब्याच्या अडॅप्टरकडे बघत ओशाळला. मी बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान हलकेच डोलतेय.

"पुढचा."

दुसऱ्यात शिट्टी नव्हती. तिसऱ्यातही नव्हती. बाबांनी पुन्हा पहिला मागितला, मग दुसरा, मग परत पहिला.

माझ्याकडे रोज माणसं येतात. मी भिंग बदलून विचारते, "आधीचं बरं की आत्ताचं?" ज्यांना दिसतं ती पटकन सांगतात. ज्यांना दिसत नाही ती वेळ काढतात, भिंगाकडे न बघता माझा अंदाज घेतात आणि मग जरा जास्तच ठामपणे एक उत्तर ठोकून देतात.

"पहिला," बाबा ठामपणे म्हणाले. "तिन्ही मंदच आहेत, पण पहिला स्वच्छ आहे. कसला म्हणून कचरा नाही त्यात."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. बाबांनी खुर्ची वळवली आणि आमचे चेहरे पाहिले.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब. पॅक करू का?"

"खरं सांगा. काही आहे का त्यात?"

दुकानदाराने हात पुसले. त्याच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. "शिट्टी आहे, साहेब. बारीक."

"मधेच आली?"

"पहिल्यापासून आहे. आत्ताही चालू आहे."

बाबा माझ्याकडे वळले. "तुला येतेय?"

"हो."

"किती?"

खोटं बोलायची इच्छा झाली होती. "बरीच," मी म्हणाले.

ते टेबलाशी गेले, वाकले आणि स्पीकरच्या जाळीला कान जवळजवळ टेकवला. मग दुसरा कान. बराच वेळ ते तसेच वाकून होते, आणि मागून त्यांची मान मला फार बारीक दिसली.

आम्ही काही न घेता निघालो. बसथांब्यावर ते एकदम म्हणाले, "म्हणजे लंबू खरं बोलत होता."

लंबू हा प्रेसवरचा कामगार. त्याची नोकरी गेली एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं बाबांनी त्या बाकावर बसून सांगितलं. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. लंबू एक तबकडी घेऊन काचेच्या खोलीत आला आणि म्हणाला, साहेब, वरच्या सुरांत चरचर येतेय, साचा झिजलाय बहुतेक, पुन्हा एकदा ऐकता का. बाबांनी ऐकली. काही नव्हतं. "तू आता मला ऐकायला शिकवणार?" असं चारचौघांत म्हणून त्यांनी त्याला हाकललं. महिन्याभरात सगळा माल परत आला. मालकांनी विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं, मी ऐकलेल्या तबकड्या स्वच्छ होत्या, बाकीच्यांत प्रेसवर हयगय झाली असणार. लंबूला काढलं.

"मी खोटं बोललो नव्हतो गं," बाबा म्हणाले. "मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं."

बस आली आणि गेली. आम्ही बसूनच होतो.

लंबूचा पत्ता शोधायला तीन आठवडे लागले. तो एका लॉन्ड्रीत इस्त्री करत होता. दार त्याला आजही ठेंगणं पडत होतं. बाबांना बघून त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"दाबायचं काम काही सुटलं नाही, साहेब," तो हसून म्हणाला. "तेव्हा रेकॉर्डी, आता शर्ट."

बाबा त्याला जन्मभर 'अरे लंबू' म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "तुमची माफी मागायला आलोय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दुकानातल्या शिट्टीसकट.

लंबू ऐकत राहिला. मग म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, साहेब. तुमचे कान उतरलेत हे सगळ्या प्रेसला माहीत होतं. पण कानमास्तरला कोण सांगणार? मी एकदा सांगून बघितलं."

बाबा फळीवरच्या शर्टाकडे बघत राहिले.

"आठ महिने घरी सांगितलं नव्हतं मी," तो पुढे म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "रोज डबा घेऊन निघायचो. नदीच्या पुलाखाली बसून जेवायचो. मुलीच्या लक्षात आलं, माझ्या कपड्यांना कारखान्याचा वास येईना म्हणून."

"मी मालकांना पत्र लिहितो. सगळं खरं लिहितो."

"लिहा. पण आता ते दाखवू कोणाला?" त्याने पुढचा शर्ट फळीवर पसरला. "बसा म्हणालो असतो, पण संध्याकाळपर्यंत एवढे संपवायचेत."

बाबांनी पत्र लिहिलं. तीनदा फाडून चौथ्यांदा. मालकांचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्या काळचे कागद आता उपलब्ध नाहीत. बाबांनी पत्राची नक्कल लंबूला नेऊन दिली. त्याने ती न वाचता खिशात घातली आणि "बरं" म्हणाला. त्यानंतर बाबा तिकडे गेले नाहीत.

मधला प्रीअॅम्प मी एकटीच जाऊन घेऊन आले. कानाच्या डॉक्टरांनी दिलेलं यंत्र बाबा लावतात, पण रेकॉर्ड लागली की काढून ठेवतात. त्यातून गाणं पत्र्यासारखं येतं म्हणतात. रेकॉर्ड आता मीच लावते. ते बाजूला बसतात, हात मांडीवर ठेवून.

"कसं वाजतंय?" परवा त्यांनी विचारलं.

"छान."

"छान म्हणजे काय? नीट सांग. 'स' म्हणताना आवाज फाटतोय का?"

मी लक्ष देऊन ऐकलं. ज्या घरात जन्मभर दबकून चालले, त्या घरात मी असं कधी ऐकलंच नव्हतं. 'स' फाटतोय म्हणजे नेमका कसा, ते मला कळेना.

"कळत नाही, बाबा," मी म्हणाले.

"असू दे," ते म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत बसून राहिले.