काठोकाठ पियाला

ताहिरने मागची खोली चुन्याने रंगवून घेतली होती. धाकट्या भावाचा हा तिसरा निरोप. या वेळी हासियतला नाही म्हणवलं नाही. नवरा गेल्यापासून ती मार्गिलान शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटीच शिवणकाम करून राहत होती. आज जेवायला यायचं, खोली बघायची, आणि जमेलसं वाटलं तर शिलाई मशीन घेऊन कायमचं यायचं, असं ठरलं होतं.

ताहिरने वर, दारापासून लांब मानाच्या जागी बसायला सांगितलं तरी ती दाराशीच बसली. दार नजरेआड झालं की तिला श्वास पुरत नसे.

नवरा रशियात बांधकामावर होता. तिथून एचआयव्ही घेऊन आला आणि तिला देऊन गेला. तिचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने तिच्यापुढे काठोकाठ भरलेला पियाला ठेवला. घरात हव्या असलेल्या माणसाला अर्धाच देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरला, की पिऊन निघायचं. हासियतने तो कढत चहा उभ्यानेच संपवला. बाहेर अंगणात तिच्या गाद्या जळत होत्या.

गोळ्या चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, तुमच्यापासून कुणाला धोका नाही, असं दवाखान्यातली डॉक्टरीण दर खेपेला सांगे. ते हासियतला पटलं होतं. पण चहा ओतल्याचा आवाज आला की अजून नाकात जळक्या कापसाचा वास भरे. हा धक्क्याचा आजार, यालाही उपचार आहेत, असं डॉक्टरीण म्हणाली, तेव्हा हासियतने विषय बदलला.

पुलाव आला. सगळे एकाच थाळीतून जेवले. ताहिरने तिच्या बाजूचं मांस उचलून खाल्लं आणि म्हणाला, "ताई, इतकी वर्षं स्वतःच्या हातचं खाऊन जगलीस, कमाल आहे तुझी."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखले.

मग ताहिरची नवी सून दिलनवाज चहा घेऊन आली. पोरगी रशियात वाढलेली, लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. आत्याला भरपूर द्यावा म्हणून तिने पियाला काठोकाठ भरला आणि डावा हात छातीवर ठेवून अदबीने पुढे केला.

"घ्या ना, आत्या."

पोरीला रीत माहीत नाही हे हासियतला त्याच क्षणी कळलं. तरी ती उठली होती. उभ्यानेच तिने चहा संपवला. जीभ पोळली. ताहिर सुनेवर ओरडला, तशी हासियत म्हणाली, "तिला बोलू नकोस. तिचं काही चुकलं नाही."

ती बाहेर पडली, तसा ताहिर मागोमाग फाटकापर्यंत धावत आला.

"मग बस ना, ताई. कळतंय तर बस."

"मला कळतंय रे. पाय थांबत नाहीत."

त्याने खोलीची किल्ली तिच्या हातात कोंबली. तिने ती परत केली नाही.

घरी येऊन तिने किल्ली मशीनवर ठेवली, चहा केला. पियाला अर्धाच भरला. तो संपल्यावर परत अर्धा भरला. किटली रिकामी होईपर्यंत ती स्वतःला असं वाढत राहिली.