ओल्या रंगाची तीन मिनिटं

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य तीन मिनिटांचं. एका जुन्या सिनेमातून कापून काढलेला फिल्मचा तुकडा मी. गंजक्या डब्यात पडलोय आणि अंगाला आंबट वास सुटलाय.

सिनेमा लष्कराची टर उडवणारा होता. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून जवान दगडांना चुना फासतात, वाळलेलं गवत हिरवं रंगवतात. नटांना कवायत शिकवायला एक निवृत्त हवालदार ठेवला होता. गवत रंगवताना सगळे हसले, तो हसला नाही. त्याने दिग्दर्शकाला खरं घडलेलं सांगितलं. अशाच एका तपासणीआधी त्याच्या तुकडीतल्या पोराला साप चावला. रुग्णवाहिका नुकतीच रंगवलेली. रंग वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा हुकूम. तो मोडायची कोणाची छाती झाली नाही, हवालदाराचीही नाही. पोरगा गेला. कागदावर लिहिलं, तापाने गेला.

दिग्दर्शकाने त्यालाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तो बोलला आणि मी जन्मलो. संकलन करणाऱ्या बाईंनी मला पाहून डोळे पुसले. सिनेमाचा जीव हाच, म्हणाल्या. मीही फुगलो.

परवाना देणाऱ्या मंडळींनी सांगितलं, गवत राहू दे, हे काढा. हसण्याला त्यांची ना नव्हती. दिग्दर्शक दोन दिवस भांडला आणि तिसऱ्या दिवशी त्याने शेपूट घातली. हवालदाराला कळवायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकललं.

पहिल्या खेळाला तो त्या पोराच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिला तोंडावर सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं. सिनेमात सगळं कळेल, एवढंच तो म्हणाला होता. मागच्या रांगेत बसलेल्या संकलनाच्या बाईंनी पुढचं मला रडत सांगितलं.

गवतावर लोक पोट धरून हसले. दिवे लागले. आई जागची हलेना.

"माझ्या पोराचं राहिलं ना रे?"

हवालदाराने कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तापानंच गेला, मावशी."

आता ती नाही, तोही नाही. मित्रांनो, मला फेकू नका. एकदा उजेडासमोर धरून त्याचं तोंड बघा. आणि कोणाच्या आईला खरं सांगायचं राहिलं असेल, तर सिनेमाच्या भरवशावर बसू नका. आजच तिच्या दारात जा.