उचलू नका

सामान हलवणाऱ्या कंपनीत सगळे त्याला क्रेन म्हणत. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून लोखंडी कपाट उतरवायचं असलं, की बाकीचे आधी जिन्याकडे बघत आणि मग क्रेनकडे. तो पाठीवरून पट्टा घेई, गुडघ्यांत वाकून वजन मांड्यांवर तोलून धरी आणि कपाट मुकाट्याने खाली उतरे. नव्या माणसांना तो एकच गोष्ट शिकवी: वस्तू डगमगली की विचार करत बसायचं नाही, आधी हात लावायचा. विचार करणाऱ्यांच्या हातून आरसे फुटतात. आपल्या हातून उभ्या आयुष्यात काही फुटलं नाही, हे तो येताजाता सांगे. बायको विचारी, "मग घरातल्या कपबश्या कोण फोडतं?"

तो निवृत्त झाला आणि बायको आजारी पडली. छातीत कफ साठून दवाखान्यात मुक्काम लांबला. छाती सुधारली, पण पायांतली होती नव्हती ती ताकद तिथेच ठेवून ती घरी आली. पलंगावरून उठायचं म्हटलं तरी गुडघे लटपटत.

घरी व्यायाम शिकवायला येणारी फिजिओ वयाने पोरगीच होती, पण बोलायला फटकळ.

"आजी, गोळ्यांनी हे भरून यायचं नाही," ती म्हणाली. "पडून राहिलं की स्नायू झिजतात, आणि वापरले तरच परत येतात. आज खिडकीपर्यंत चालायचं. जमलं की बाथरूमपर्यंत, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये. दम लागू दे, पाय थरथरू देत. थरथरले म्हणजे कामाला लागले." मग ती क्रेनकडे वळली. "आणि आजोबा, तुम्ही जवळ उभं राहायचं. उचलायचं नाही."

त्याने मान डोलावली. पूर्वी घरमालकिणी 'काचेचं सामान आहे हं' म्हणत तेव्हाही तो अशीच डोलवायचा, न ऐकता.

फिजिओची पाठ वळायचा अवकाश, बायको उठली, जेमतेम टेबलापर्यंत गेली, तिचा गुडघा थरथरला आणि त्याने तिला उचललंसुद्धा. एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली. तिचं वजन म्हणजे त्याला रिकामी सुटकेस. मग तो शिरस्ताच पडला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, सकाळी उन्हाला बाल्कनीत. तिचा पाय थरथरलेला त्याला बघवतच नसे. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्याने तिला. शेजारीण आपल्या नवऱ्याला ऐकवायची, की माणसं कशी असतात बघा.

आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडत होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस परक्यांची कपाटं नि परक्यांचे सोफे छातीशी धरत आला होता. घरी यायचा तो चार घास खाऊन आडवा व्हायचा. तिच्या वाट्याला त्याची पाठ तेवढी यायची, तीही तेल चोळायला. आणि आता, केस पिकल्यावर, तो तिला उराशी धरून घरभर हिंडत होता. एकदा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणाली, "मी कपाट असते तर बरं झालं असतं."

तो हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या खेपेला फिजिओने टेपने तिची मांडी मोजली. भरायची सोडून ती आणखी उतरली होती. "चालताय ना?" तिने विचारलं. "हो," दोघं एकदम म्हणाले.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका सकाळी बायको हातांत असताना त्याच्या कमरेत काहीतरी सटकलं. पण क्रेन तो क्रेन. आधी त्याने तिला अलगद जमिनीवर टेकवलं आणि मगच स्वतः कोसळला. शेजारणीने हाका ऐकून लेकीला बोलावलं, तोवर दोघं फरशीवर शेजारी शेजारी पडून होती. त्याला हलता येत नव्हतं आणि तिला उठता येत नव्हतं.

लेकीने दोघांना पलंगावर घातलं, डोळे पुसले आणि मग तोंड सोडलं. "बाबा, तुम्ही आईला जपत नाही आहात, लुळी करताय. आजारातून उठलेल्यांसाठी एक केंद्र आहे, हवं तितके दिवस राहायची सोय आहे तिथे. मी चौकशी करून आलेय."

"मी घर सोडायची नाही," बायको म्हणाली. तोही म्हणाला, की मी हिला कुठे पाठवणार नाही. घासाघीस होऊन शेवटी ठरलं ते असं: बाबांची कंबर बरी होईपर्यंत मुदत. तेवढ्यात आईने पलंगापासून बाथरूमपर्यंत, कोणाचाही हात न धरता, लेकीच्या डोळ्यांदेखत चालून दाखवायचं. जमलं तर घरी, नाहीतर केंद्रात.

त्याला उठायची बंदी होती, म्हणून ती खरोखर चालायला लागली. आधी पलंगाचा कठडा धरून, मग भिंत धरून, मग काहीच न धरता. तो उताणा पडून बघे आणि चादर मुठीत आवळून धरी. अर्ध्या वाटेवर तिचा उजवा गुडघा हटकून थरथरायचा. ती थांबायची, श्वास घ्यायची, पाय तिचं ऐकायचा आणि ती पुढे जायची. संध्याकाळी पोटऱ्या ठणकत. "दुखतात मेले," ती म्हणायची, "पण माझे वाटतात आता." बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज असा लागला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

लेक आली, खुर्ची ओढून बसली. क्रेन कमरेला पट्टा बांधून भिंतीशी उभा राहिला. बायकोने केस नीट केले, पदर खोचला आणि निघाली. अर्ध्या वाटेवर गुडघा थरथरला.

रोजच थरथरायचा. ती इथे थांबते, श्वास घेते आणि पुढे जाते, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण त्याच्या हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. विचार मनात यायच्या आत ती त्याच्या छातीशी होती आणि तिची पावलं जमिनीपासून वर लोंबत होती.

लेकीने मान खाली घातली.

"मी पोचले असते," बायको म्हणाली. रागावून म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं.

ती केंद्रात गेली. गाडीत बसेपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. घरात दोन खोल्या आणि तो. कमरेच्या डॉक्टरांनीही त्याला चालायलाच सांगितलं होतं, म्हणून तो रोज तिला भेटायला पायी जाऊ लागला. रस्ता चढाचा होता. पहिल्यांदा धाप लागायची, मांड्या भरून यायच्या. मग चढ सोपा वाटू लागला, कंबर सावरली, पावलं घट्ट पडू लागली. ताकद यायची होती तिच्या पायांत आणि येत होती याच्या. या विचाराने त्याला स्वतःच्या पायांचाच राग येई.

पण तिच्याही पायांत ती येत होती. केंद्रातली मदतनीस बाई तिच्यामागून चालायची, आणि तिला हातही लावायची नाही. क्रेन काचेच्या दाराआडून बघायचा. गुडघा थरथरला की तो चटकन तोंड फिरवायचा, आणि परत बघेपर्यंत ती पुढे गेलेली असायची. त्याच्याशिवाय, छान. मांड्या भरल्या, चेहरा भरला. तिथल्या बायकांशी तिचं सूत जमलं.

एक दिवस केंद्राच्या डॉक्टर म्हणाल्या, की आता घरी न्यायला हरकत नाही, जिनाही चढतील. त्याने घर धुऊन काढलं. बाथरूमच्या भिंतीला दांडी बसवून घेतली. शेजारणीला तीन वेळा सांगून झालं. सकाळी तो हजर झाला, तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. पिशवी भरलेली नव्हती.

"आवरलं नाहीस?"

"मी येत नाही," ती म्हणाली.

"जिना जमेल म्हणाल्यात डॉक्टर."

"जिना जमतो मला. काल चढले इथला."

"मग?"

ती थोडा वेळ आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली. "घरी आले, तर तुम्ही मला परत उचलाल."

"नाही उचलणार. शपथ घेतो."

"उचलाल हो." हे तिने इतक्या मायेने म्हटलं, की त्याला मान वर करवेना. "आणि मी नको म्हणणार नाही. मला ठाऊक आहे ना माझं. रोज या भेटायला. पण हे पाय मला परत घालवायचे नाहीत."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "निघतो मग."

"थांबा," म्हणून ती खुर्चीवरून एकटी उठली आणि त्याला दारापर्यंत सोडायला आली. तो तिच्या पुढे चालत राहिला, तिचे पाय आपल्या नजरेला पडू नयेत म्हणून.