भांडी घासायची पायरी

लोक सुट्टीला जातात ते कामातून सुटका व्हावी म्हणून. आमच्या घरात सुट्टी म्हणजे तेच काम, फक्त ओटा बदलतो. लग्न होऊन आले त्या वर्षापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षं, आम्ही उन्हाळ्यात पाच दिवस त्याच तलावाकाठी, त्याच पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्यांत राहायला जातो. त्या पाच दिवसांत सहा माणसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि आलेले मासे साफ करणं एवढं माझ्याकडे असतं. शेगडीला दोन बर्नर आहेत, त्यातला एक शिव्या घातल्याशिवाय पेटत नाही. नळ आहे, पण त्याला पाणी येत नाही. म्हणून भांडी घ्यायची आणि तलावाच्या दगडी पायऱ्यांवर उतरायचं.

दर वर्षी तिथेच का, तर घरचा नियम. सासऱ्यांनी घालून दिलेला. सुट्टीत ज्याचा मासा सगळ्यात लांब, त्याने पुढच्या वर्षीची सुट्टी ठरवायची. कुठे जायचं, किती दिवस राहायचं, कोणी काय करायचं, सगळं त्याच्या शब्दावर. मुदत शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. आणि ज्याच्या गळाला मासा लागला त्यानेच तो काठावर आणायचा. दुसऱ्या कोणी काठीला किंवा दोऱ्याला नुसतं बोट लावलं तरी मासा बाद. सासरे गेले, नियम राहिला, आणि त्या नियमाच्या जिवावर माझे थोरले दीर इतकी वर्षं राज्य करत आले.

भाऊजी शाळेत पी.टी. शिकवतात. आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा सावधान उभी राहतात. त्यांचे दोन मुलगे वल्ही मारायला, माझा नवरा जाळी धरायला, आणि होडीच्या पुढच्या जागेवर स्वतः भाऊजी. माझा नवरा चष्मे बनवतो. गावाला दृष्टी देतो, पण भावापुढे त्याला काही दिसत नाही. जाऊबाई नर्स आहेत आणि त्यांची ड्यूटी दर वर्षी नेमकी त्याच आठवड्यात लागते. मी त्यांना दोष देत नाही. मला ते आधी सुचलं नाही, एवढंच वाईट वाटतं.

मी शिवणकाम करते. दोन मशिनं, एक मदतनीस, आणि वर्षाचे तीनशे साठ दिवस गिऱ्हाइकांची घाई. उरलेले पाच दिवस हे असे.

या वर्षी चौथ्या दिवशी भाऊजींनी चोवीस इंची मासा आणला. माप घ्यायला टेप माझीच असते. भाऊजी ती माशाच्या पोटाच्या फुगवट्यावरून फिरवतात. तीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या बाईसमोर! पण मी कधी बोलले नाही. रात्रीचं जेवण झालं, ढेकर आला, आणि भाऊजींनी जाहीर केलं, “पाच दिवसांत हात बसेपर्यंत परतायची वेळ येते. पुढच्या वर्षीपासून दहा दिवस!”

मुलग्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या, मग माझ्याकडे बघून हात मांडीखाली घातले.

“आणि स्वयंपाक?” मी विचारलं.

“तू आहेस की!” भाऊजी म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. तेच मला लागलं. वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं. दहा दिवस मी त्या बर्नरपुढे उभी राहणार हे त्यांनी इतकं सहज धरलं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“भाऊजी, मुदत उद्या बारापर्यंत आहे ना?”

सगळे हसले. “टेलरबाई,” भाऊजी म्हणाले, “मासा म्हणजे शर्टाची बाही नव्हे, धरली आणि जोडली!”

मी त्यांना हसू दिलं. मला जे ठाऊक होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं, चौथ्याच वर्षी. मी सकाळी भांडी घासायला बसले की डाव्या हाताच्या खालच्या पायरीपाशी पाणी हलायचं. पातेल्याच्या तळाचा भात सुटून खाली गेला की तिथे एखादी तांबूस, रुंद पाठ वर यायची आणि जायची. कार्प जातीचे ते मासे, जाड ओठांचे, सुस्त. आमच्या आधी आणि नंतर त्या खोल्यांत राहणाऱ्या सगळ्यांचं खरकटं खाऊन माजलेले. मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले होते, “खरकट्याला येतो तो मासा नव्हे, भिकारी.” आणि होडी घेऊन दोन तास लांब गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. विचारतंय कोण?

सकाळी सहाला होडी गेली. खोल्यांच्या दाराशी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कानाला तिखट, गुडघ्याला अधू. मी दारामागची जुनी बांबूची काठी काढली. तिला चक्र नाही, काही नाही, आणि दोरा हात लावताच तुटला. मग मी माझी पिशवी उघडली. होडीवरची ताडपत्री दर वर्षी फाटते आणि दर वर्षी ती मीच शिवते, म्हणून ताडपत्रीचा जाड नायलॉनचा दोरा माझ्याजवळ असतो. तो दुहेरी केला, काठीच्या टोकाच्या कडीतून ओवला, आणि बाकीचं रीळ डाव्या हातात ठेवलं. गळ भाऊजींच्या डबीतला, सगळ्यात मोठा. गाठ कशी मारायची हे मला कोणी शिकवायला नको होतं.

“काय गं चाललंय?” सासूबाईंनी विचारलं.

“भांडी घासतेय, आई.”

“बरं.” त्यांनी खुर्ची पाण्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “डाव्या अंगाला टाक. पातेलं धुतेस तिथे. दगड आत गेलाय, त्याच्या खाली ते बसतात.”

मी वळून बघितलं.

“तू यायच्या आधी सव्वीस वर्षं मीच धुतलीत भांडी तिथे,” त्या म्हणाल्या. “मला काय दिसत नव्हतं होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं?”

मला एकदम भरून आलं. सव्वीस आणि एकोणीस. पंचेचाळीस वर्षं आम्ही दोघी त्या तलावातला सगळ्यात मोठा मासा रोज सकाळी जेवू घालत होतो आणि बापे त्याला शोधायला पलीकडच्या काठाला जात होते.

उरलेला भात आणि कणीक एकत्र मळून मी लिंबाएवढा गोळा गळाला लावला. मग रोजच्यासारखी भांडी घासायला बसले, मुद्दाम आवाज करत. माशांना तो आवाज ठाऊक होता. पातेलं खळबळून ओतलं, आणि त्याच पाण्यामागून गोळा सोडला.

आठ वाजले. नऊ वाजले. बारके मासे कणीक कुरतडून गेले, मी नवा गोळा लावला. दहा वाजता पुन्हा. माझा धीर सुटायला लागला. घासलेली भांडी मी तिसऱ्यांदा घासत होते. साडेअकराला लांबवर होडी दिसली, परत येणारी, आणि मला दहा दिवसांची दहा सकाळींची कणीक डोळ्यांपुढे दिसली. त्याच क्षणी रीळ हातात फिरलं.

आधी हळू, मग भरारा. मी ओल्या फडक्यातून दोरा दाबला आणि उठून उभी राहिले. पलीकडून असा हिसका बसला की मी पायरीवरून घसरून थेट कंबरभर पाण्यात. पण दोरा सोडला नाही. मशिनवर दोरा किती ताठ ठेवायचा आणि किती सैल, हे माझ्या बोटांना डोळे मिटून कळतं. ताठ केला की तुटतो, सैल सोडला की गुंततो. मासा ओढायचा तेव्हा मी द्यायची, तो दमायचा तेव्हा मी गुंडाळायची. हातभर तो, वीतभर मी.

“दगडाखाली जाऊ देऊ नकोस!” सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. टेकायच्या काठीशिवाय.

होडी काठाजवळ आली. “अरे, ही काय करतेय!” भाऊजी ओरडले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “काठी वर! वर धर! दोरा ओढू नकोस! अगं, ओढ!”

“एक काहीतरी सांगा!” मीही ओरडले.

माझ्या नवऱ्याने मला कंबरेपर्यंत पाण्यात बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाला न विचारता त्याने काही केलं. होडीतून उडी मारली आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे धावला.

“खबरदार, हात लावशील तर!” सासूबाई अशा गरजल्या की भाऊजींचा आवाज कुणाकडून आला ते त्या दिवशी कळलं. “मासा बाद होईल! मागे हो!”

“अगं आई, ती बुडेल!”

“मी नाही बुडत!” मी म्हणाले. “अहो, लांब व्हा! माझा आहे तो!”

तो जागच्या जागी थांबला, हात तसेच पुढे. बिचारा. पण थांबला. मी उलट्या पावलांनी एकेक पायरी चढत गेले. मासा उथळ पाण्यात आला तेव्हा पहिल्यांदा पुरता दिसला, आणि थोरला पुतण्या “बापरे” एवढंच म्हणाला. शेवटच्या पायरीवर त्याने शेपटी आपटली. दोऱ्याच्या दोन पदरांतला एक तुटल्याचं मला बोटाला कळलं. आता वेळ नव्हता. काठी टाकली आणि मी सरळ त्या माशावर आडवी झाले. दोन्ही हातांनी कवटाळला, घासलेल्या पातेल्यांसकट, आणि तशीच लोळत कोरड्या जमिनीवर आले.

भाऊजींनी घड्याळ बघितलं. बाराला सात कमी.

टेप माझ्या गळ्यात होती, भिजलेली. ती मी भाऊजींच्या हातात दिली. “मोजा. पण सरळ मोजा. पोटावरून नको. पोटावरून मोजलं तर माझा मासा उगाच मोठा होईल.”

भाऊजींचे कान लाल झाले. ते खाली बसले, माशाच्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप सरळ ताणली, आणि एकदा बघून पुन्हा बघितली. लबाडी करायला जागा होती, पण त्यांनी केली नाही, हे मी सांगेन. “एकतीस,” ते म्हणाले. मग उभे राहून मैदानावर निकाल सांगतात तशा आवाजात, “एकतीस इंच! बाबांच्या अठ्ठावीस इंचांच्या विक्रमापेक्षाही तीन इंच जास्त!”

पुतण्यांनी मला उचललं. मी ओली, कोपर खरचटलेलं, केसांत भात, आणि मला इतका आनंद झाला होता की मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळेना. तीस वर्षं मी लोकांना बरोबर बसतील असे कपडे शिवले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, एक दिवस मला बरोबर बसला.

“हं,” भाऊजी म्हणाले. “बोल. पुढच्या वर्षी कुठे?”

उत्तर मी रात्रीच पाठ केलं होतं. हॉटेल. पंखा. वाढणारा वेगळा, उचलणारा वेगळा. सगळं तोंडाशी आलं, आणि मग मी पाण्याकडे बघितलं. त्या दगडाखाली पुन्हा काहीतरी हललं. याच्याहून रुंद असावं.

“इथेच,” मी म्हणाले. “दहा दिवस.”

माझ्या नवऱ्याने मला ताप तर नाही ना असं बघितलं.

“स्वयंपाक भाऊजींचा. भांडी मुलांची. होडीत पुढच्या जागेवर मी.”

“आणि मी?” माझ्या मागून सासूबाई म्हणाल्या. “पंचेचाळीस वर्षं मी त्या होडीला काठावरूनच बघतेय.”

भाऊजी आईकडे बघतच राहिले. मला वाटतं, ही गोष्ट त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

“आई,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी कशाला? चाव्या चारला द्यायच्यात. आत्ताच बस.”

“मग जेवण कोण करणार?”

भाऊजींनी माशाकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं, आणि बाह्या वर केल्या.

दोन्ही पुतण्यांनी आजीला उचलून होडीत ठेवलं. मी त्यांच्याशेजारी बसले, नवऱ्याने वल्ही घेतली. काठ मागे पडला. सासूबाईंनी एक हात पाण्यात सोडला आणि तसाच राहू दिला. आम्ही मधोमध पोचलो तेव्हा काठावरून भाऊजींची हाक आली, डाव धरलेला हात उंच करून.

“आई! मीठ किती घालू?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघी एकाच वेळी, पोटातून आवाज काढून ओरडलो,

“अंदाजाने!”