सावंत सरांचा क्लायंट

"काकू नाही, क्लायंट म्हणा!" सावंत सरांनी दटावलं. तेवढ्यात त्यांच्या क्लायंटने, म्हणजे त्यांच्या बायकोनेच, पिशवीतून चकल्यांचा डबा काढून पोरांपुढे ठेवला.

मुलुंडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात चंद्रप्रकाश सावंत वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकवत आले होते. कंपनीची पायरी मात्र स्वतः कधी चढले नव्हते. यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं: मुलांना कंपनीतल्या कामाची सवय लावा, खरा क्लायंट आणा. सरांनी तो नाहूरच्या स्वतःच्या घरातून आणला. वनमालाबाई उकडीचे मोदक करून विकायच्या. चतुर्थीच्या ऑर्डरी घेणारं ॲप करायचं ठरलं.

"क्लायंटचं नीट ऐका, मध्ये तोंड घालू नका," सरांनी बजावलं.

पोरांतल्या श्रुतिकाने लॅपटॉप उघडला. "मॅडम, एका दिवसात किती मोदक होतात?"

"पाचशे आरामात!" सर म्हणाले.

"आणि ऑर्डर कधीपर्यंत घ्यायच्या?"

"अगदी आदल्या रात्रीपर्यंत. आपण कुणाला नाही म्हणत नाही."

वनमालाबाईंनी बोलायला उघडलेलं तोंड चकली घालून मिटलं.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" श्रुतिका म्हणाली. "क्लायंट बोलतच नाहीयेत ना."

सरांचे कान लाल झाले, पण नियम त्यांचाच होता. ते निमूट व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. काचेतून बायको हातवारे करत बोलताना दिसत होती आणि पोरं भराभर टाइप करत होती. हिला एवढं काय सांगायचंय, असं सरांना खरंच वाटलं.

ॲपच्या डेमोला प्राचार्य पहिल्या खुर्चीत होते. वनमालाबाईंनी मोबाइलवर 'आता पुरे' नावाचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: यंदाच्या ऑर्डरी बंद.

"वा!" प्राचार्य हसले. "सावंत, माझे एकवीस धरलेत ना, नेहमीसारखे?"

"धरले, सर!" म्हणत सर लॅपटॉपवर बसलेल्या सिद्धेश नावाच्या पोराच्या कानाशी वाकले. "अरे, मागच्या बाजूने घुसव की."

"सर, वाट लागेल. पासवर्ड काकूंकडेच आहे."

सर बायकोकडे वळले. "अगं, प्राचार्यांचे आहेत."

"अहो, लग्न झाल्यापासून आपल्या गणपतीच्या आरतीला मी एकदा तरी बाहेर असते का? आत वाफेपुढे उभी. या पोरांनी विचारलं, म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राचार्यांकडे वळून त्यांनी घसा खाकरला. "सर, यंदा तुमचे मोदक होणार नाहीत."

प्राचार्यांचा चेहरा उतरला.

चतुर्थीला नाहूरच्या घरी आरती सुरू झाली, तेव्हा झांजा घेऊन वनमालाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांचा ठेका सारखा चुकत होता. सर टाळ्या वाजवत शेजारीच उभे होते. आधी त्यांनी एकट्यांनीच आपल्या टाळ्या बायकोच्या चुकत्या ठेक्याशी जुळवल्या, मग हळूहळू सगळ्या घराने.